पुसायच्या आधी रंगवून दाखवा

"ठमे, आज तरी बाह्यांना खडू नको गं!" कामावर निघालेल्या ताईने चपला घालता घालता ओरडून सांगितलं. "माणसं मुलाखतीला जाताना अत्तर लावतात, तू चुना लावून चाललीस."

ठिपकेबाईने बाही झटकली. खडू जायच्याऐवजी पसरला. स्वयंपाकघराच्या दाराची आतली बाजू तिने फळा म्हणून कधीच काळी रंगवून घेतली होती. चहा उकळेपर्यंत तिथे शेवटची उजळणी चालली होती आणि चहा अर्थातच उतू गेला होता.

"खरं सांग, आज हो म्हणतील?" ताईने दारात थांबून विचारलं.

"हातात सिद्धता आहे माझ्या. आता नाही कशाच्या जोरावर म्हणतील?"

"तुला नाही म्हणायला त्यांना कधी जोर लागलाय? दुपारची सुट्टी घेऊन येते मी. हो म्हणाले तर रडायला आणि नाही म्हणाले तर मारायला, कुणीतरी घरचं हवं."

ताईचं म्हणणं खोटं नव्हतं. ठिपकेबाई हे नाव विद्यार्थ्यांनी पाडलेलं. वर्गात शिरल्यावर बाई आधी फळ्यावर ठिपके काढणार, मग त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि त्यानंतर तोंड उघडणार. ग्राफ थिअरी आणि कॉम्बिनेटोरिक्स हा तिचा प्रांत. म्हणजे कोण कुणाशी जोडलेलं आहे आणि काय किती तऱ्हांनी जुळवता येतं, याचा अभ्यास. ऐकायला पोरखेळ वाटतो, करायला बसलं की भल्याभल्यांची दातखीळ बसते. या विषयात तिने मोठ्या सरांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली, आणि विद्यापीठाने तिचं कौतुक म्हणून तिला तासिका तत्त्वावर ठेवून घेतलं. तासिका तत्त्व काय असतं हे ज्याला ठाऊक नाही तो नशीबवान. जेवढे तास घसा फोडाल तेवढ्याचेच पैसे, सुट्टीत हवा खा, आणि दर वर्षाअखेरी साहेबांच्या तोंडून एकच मंत्र ऐका: पुढच्या वर्षी बघू. कायम नोकरीतल्या कुणालाच नको असलेले पहिल्या वर्षाचे वर्ग हिच्या गळ्यात. त्यांच्या विद्यार्थ्यांचे मोडके प्रबंध हिनेच सांधायचे. निबंध छापून आला की वर त्यांची नावं ठसठशीत, आणि हिचे आभार तळाला, मुंगीच्या अक्षरात. गाय हिने राखायची, धार त्यांनी काढायची. असं करत करत केसांत पांढरं दिसायला लागलं आणि या वर्षी वयाची मर्यादा संपत होती. आज कायमची जागा मिळाली तर मिळाली. नाहीतर हा दरवाजा जन्माचा बंद.

विद्यापीठाची रीत अशी की गणिताच्या जागेसाठी उमेदवाराने भरल्या सभागृहात, फळ्यापाशी उभं राहून व्याख्यान द्यायचं. कुणीही मध्येच हात वर करून काहीही विचारावं. ही एक रीत मात्र खरोखर चांगली होती, आणि ती अजून कशी टिकून राहिली याचं आश्चर्यच वाटायचं. आदल्या दिवशी दुसऱ्या उमेदवाराचं व्याख्यान झालं होतं. हे महाशय कुलसचिवांच्या मेहुणीचे जावई. त्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं सरकवली आणि कुणी प्रश्न विचारायच्या आत घड्याळ दाखवून खाली बसले.

ठिपकेबाईचा विषय होता मोठ्या सरांची अटकळ. अटकळ म्हणजे खरी वाटते, पण खरी आहे हे कुणी सिद्ध केलेलं नाही अशी गोष्ट. समजायला ती अवघड नाही. ठिपके म्हणजे माणसं समजा आणि दोन ठिपक्यांमधली रेषा म्हणजे त्यांचं भांडण. प्रत्येकाला रंगीत सदरा घालायचा, पण भांडणाऱ्या दोघांच्या अंगात एकच रंग नको. किती रंग लागतील? सर तरुण असताना म्हणाले होते की आकृतीने दोन अटी पाळल्या तर तीन रंगांत काम भागतं. पहिली अट, कुठल्याही तिघांचं आपसात भांडण नको. दुसरी अट सांगत बसलो तर दिवस मावळेल. एवढंच ध्यानात ठेवा की ती अख्ख्या आकृतीने मिळून सांभाळायचा तोल आहे, सुट्या ठिपक्याचं ते काम नाही. या अटकळीवर सरांचं नाव झालं, देशोदेशी माणसं तिच्याशी झटली आणि नाकी नऊ येऊन परत गेली. या महिन्यात सर निवृत्त होणार होते. जाण्याआधी अटकळीचं सिद्धांतात रूपांतर झालेलं त्यांना पाहायचं होतं, आणि ते करून दाखवलं होतं त्यांच्याच शिष्येने.

सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध मोठे सर, नवा कोट घालून, लग्नघरातल्या वरबापासारखे. त्यांच्या डावीकडे कुलसचिव, ज्यांना गणितातलं फक्त वजाबाकीचं चिन्ह आवडायचं. उजवीकडे बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई, शेलाट्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. सगळ्या गणिती जगात त्यांना कात्री म्हणत. भल्यामोठ्या व्याख्यानाला त्या एका प्रश्नात मधोमध कापायच्या.

ठिपकेबाईने सुरुवात केली आणि गाडी भन्नाट सुटली. खडू फळ्यावर नाचायला लागला. "लहान आकृती घ्या," ती म्हणाली, "दोन्ही अटी पाळणारी, तीन रंगांत रंगवलेली. आता तिच्यात एक नवा ठिपका घाला, पण असा की अटी मोडणार नाहीत. मी दाखवते की या नव्या ठिपक्याला तीनपैकी एक रंग नेहमी मोकळा सापडतो." आणि तिने दाखवलं. तिथे एक अशी हिकमत होती की मागच्या रांगेतून "वा!" आलं. "एक ठिपका वाढला, काम भागलं. पुन्हा एक वाढवा, पुन्हा भागलं. असं चढत जा. आकृती कितीही मोठी होऊ दे, तीन रंग पुरतात. अटकळ खरी आहे."

टाळ्या सुरू झाल्या. मोठ्या सरांनी रुमाल काढला. तेवढ्यात कात्रींनी हात वर केला. टाळ्यांचे हात हवेतच थबकले.

"छान. ते मोकळ्या रंगाचं फारच छान," कात्री म्हणाल्या. "एक घरगुती प्रश्न विचारू? तुम्ही घराण्यात जन्मलेली पोरं मोजलीत. आजा, बाप, नातू, सगळे सदरे घालून हजर. पण घराण्यात सुनाही येतात ना हो? त्या कुणाच्या पोटी जन्मल्या?"

सभागृह हसलं. ठिपकेबाईही हसली आणि उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

प्रश्न साधा होता. तुम्ही खालून वर चढलात, लहान आकृतीत ठिपका घालून मोठी केलीत. पण अटी पाळणारी प्रत्येक मोठी आकृती अशीच, लहानीतूनच वाढून आलेली असते, हे कशावरून? एखादी अशी असली की जिच्यातला कुठलाही ठिपका उचलला तरी तोल जातो, तर? तिला खाली उतरायला पायरीच नाही. म्हणजे ती शिडीवरून कधी चढलेलीच नाही. ती थेट बाहेरून आली.

तिच्या कानशिलांना चटका बसला. दर वर्षी पहिल्या महिन्यात ती पोरांना घसा ताणून सांगायची, "बाळांनो, वरून खाली या! मोठी आकृती घ्या, ठिपका काढा, मग बोला! खालून वर चढलात तर शून्य!" आणि ती खरोखर शून्य द्यायची. हीच चूक ती स्वतः, इतकी वर्षं, डोळे उघडे ठेवून करत आली होती. सिद्धता हवी होती ना! हवं असलं की डोळस माणूस आंधळा होतो.

"त्याचं काही नाही," मोठे सर मागे वळून सगळ्यांना म्हणाले. "ती बाब हिच्या लेखात स्वतंत्रपणे आली असेल. आली आहे ना गं?"

त्यांनी दार उघडून दिलं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. कुलसचिव घड्याळ बघत होते, टाळ्या अर्ध्या वाजून झाल्या होत्या, लेख तपासायला महिने लागले असते आणि तोवर नेमणूक पक्की झाली असती. अशा एका "हो"वर कित्येकांनी खुर्च्या उबवल्या आहेत. नावं घ्यायची गरज नाही, ज्याचं त्याला माहीत आहे.

"नाही सर," ठिपकेबाई म्हणाली. "आलेली नाही. सिद्धतेला भोक आहे. हे एवढं मोठं."

कुलसचिवांनी समाधानाने पेनाला टोपण लावलं. "मग आपण इथेच थांबू या."

"थांबू या?" ठिपकेबाई ओरडली. "आत्ता? आत्ता तर मजा सुरू झाली! बसा!"

कुलसचिव बसले. त्यांना कुणी 'बसा' म्हणून बरीच वर्षं झाली असावीत.

ती फळ्याकडे वळली. सून असलीच तर कशी असेल? कुठलाही ठिपका उचलला तरी तोल जायला हवा. म्हणजे एकही ठिपका फालतू नको, प्रत्येकाच्या खांद्यावर सारखंच ओझं हवं. म्हणजे आकृती गोल फिरवली तरी तशीच दिसायला हवी. आणि एकदम तिला आठवलं की अशा आकृत्या तिने पाहिल्या होत्या! स्वयंपाकघराच्या दारावर कितीदा तरी आल्या होत्या, आडमुठ्या, शिडीत कुठेच न बसणाऱ्या. काढण्यात चूक झाली असं समजून दर वेळी तिने ओल्या फडक्याने पुसून टाकल्या होत्या. अरे देवा, सून उंबऱ्यावर उभी होती आणि ही तिच्या तोंडावर फडकं मारत होती!

"बाहेर एक कडं," ती मोठ्याने बोलत काढायला लागली. "आत एक कडं. आतलं शेजाऱ्याशी भांडत नाही, एक घर सोडून पुढच्याशी भांडतं. आणि आतल्या-बाहेरच्यांचं भांडण तिरकं. सरळ नाही, तिरकं." खडू तुटला. तिने तुटका तुकडाच रेटला. "तिघांचं भांडण कुठे दिसतंय? नाही. पहिली अट पाळली. तोल?"

"तोल मी बघते," असं म्हणत कात्री कधी उठून फळ्यापाशी आल्या ते कुणालाच कळलं नाही. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, बोटाने एकेक ठिपका झाकून पाहिला, आणि पुटपुटल्या, "पाळलाय. झाकला की मोडतोय, उघडा ठेवला की पाळतोय. अगं बाई! पुढे काढ, पुढे!"

"रंगीत खडू!" ठिपकेबाई म्हणाली. लाल, पिवळा, निळा आले. तिने रंगवायला घेतलं. लाल, पिवळा, लाल, निळा, आणि एक ठिपका अडला. त्याचे शेजारी तिन्ही रंग घालून बसलेले. तिने पुसून दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. पुन्हा एक अडला.

"त्या कोपऱ्यात पिवळा दे की!" मागून कुणी ओरडलं.

"पिवळा दिला तर आतला मरतो!"

"मग निळा!"

"निळ्याचा सख्खा शेजारी निळा आहे, डोळे तपासून घे!"

अख्खं सभागृह उभं राहिलं होतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे प्राध्यापक एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून रंग सुचवत होते. कुलसचिव विचारत होते, "हे कार्यक्रमपत्रिकेत आहे का?" आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं.

मोठे सर मात्र बसून होते. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ही आकृती तीन रंगांत बसली नाही, तर नुसती सिद्धता जात नाही, अटकळच जाते. एका उलट्या उदाहरणाने शंभर सुलट उदाहरणांचा निकाल लागतो, गणितात तिथे दयामाया नाही. ते सावकाश उठले आणि पुढे येऊन त्यांनी फळ्यापाशी ठेवलेलं फडकं उचललं.

"पुसा हे," ते म्हणाले. "घाईत असं काही मांडायचं नसतं. नंतर शांतपणे बघू. पुढच्या आठवड्यात."

ठिपकेबाईने सरांकडे पाहिलं. याच माणसाने तिला पहिला ठिपका काढायला शिकवलं होतं. तिची शिफारस याच हाताने लिहिली होती. आजची जागा याच हाताच्या सहीवर होती. मग ती दोन्ही हात पसरून फळ्याकडे पाठ करून आडवी उभी राहिली.

"पुसायच्या आधी रंगवून दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"तीन रंग आहेत सर, अटकळ तुमची आहे. रंगवून दाखवलंत तर मी स्वतः पुसते आणि माफी मागून घरी जाते. नाही रंगली तर फडकं खाली ठेवा."

सर तिच्याकडे बघत राहिले, मग तिच्या खांद्यावरून आकृतीकडे. आणि बघता बघता त्या म्हाताऱ्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. गणिती माणसासमोर कोडं टाकलं की त्याचा मानपान, कोट, निवृत्ती सगळं खड्ड्यात जातं. त्यांनी फडकं टाकलं आणि तिच्या हातातला लाल खडू हिसकावला.

"सरक," ते म्हणाले. "तुम्हा पोरींना रंगवता येत नाही."

आणि म्हातारा भिडला. इथे लाल, तिथे पिवळा, नव्या कोटाच्या बाहीनेच पुसतोय, पुन्हा लावतोय. कात्री एका बाजूने, ठिपकेबाई दुसऱ्या बाजूने. "सर, तो अडणार." "गप्प बस." "अडला." "दिसतंय मला!" पुन्हा पहिल्यापासून. कोट त्यांनी काढून फेकला, तो कुलसचिवांच्या मांडीवर पडला.

मग ते एकदम थांबले. "अशी झटापट काय कामाची," ते स्वतःशीच म्हणाले. "आकृती गोल फिरते. म्हणजे बाहेरच्या कड्याच्या सुरुवातीला तऱ्हा तीनच. बाकीच्या याच तिघींची बहुरूपं." त्यांनी पहिली तऱ्हा घेतली. पुढचे रंग आपोआप ठरत गेले, कुणाला निवड करायला जागाच नव्हती, आणि शेवटी एक ठिपका कोरडा राहिला. दुसरी तऱ्हा, पुन्हा कोरडा. तिसरी ते अगदी हळू रंगवत गेले, ठिपक्यामागून ठिपका, आणि सगळं सभागृह मनातल्या मनात त्यांच्याबरोबर रंगवत होतं. एकच ठिपका उरला. त्याचे शेजारी बघितले. त्यांत लालही होता, पिवळाही आणि निळाही.

सरांनी खडू ठेवला.

"मेली," ते म्हणाले. आणि मग एवढ्या जोरात हसले की खिडकीतली कबुतरं उडाली. "मेली हो माझी अटकळ! आणि मारली कुणी, तर मीच! तीन तऱ्हांत! अगं, ही सून तुला सापडली कुठे?"

"दारातच उभी होती सर," ठिपकेबाई म्हणाली, आणि मग तिला हसूही आलं आणि रडूही. आता टाळ्या पडल्या त्या पूर्ण पडल्या. बाकं वाजली. कात्रींनी तिला मिठी मारली, आणि त्यांच्या भारी कपड्यांवर तिन्ही रंग उमटले.

पुढच्या तासाभरात जे झालं ते कुठल्याही कचेरीत होतं तसंच. समिती बंद दाराआड बसली. ठिपकेबाई बाहेरच्या बाकावर, शेजारी ताई, इस्पितळाच्या गणवेशातच धावत आलेली.

"म्हणजे तू सिद्ध करायला गेलीस आणि उलटं करून आलीस?" ताईने तिसऱ्यांदा विचारलं.

"हो."

"आणि खूश आहेस?"

"ताई, मी इतकी खूश आहे की मला उलटी होईल."

"कर, सवय आहे मला."

आतून आवाज येत होते. कुलसचिवांचा: "विषय होता सिद्धता. सिद्धता झाली नाही. नियमाने उमेदवार नापास." कात्रींचा: "विहीर खणायला गेली आणि सोनं लागलं, तर तुम्ही पाणी नाही म्हणून दंड करणार?" मग मोठ्या सरांचा आवाज, पण शब्द कळेनात. ताईने बहिणीचा हात धरला, नाडी बघावी तसा.

दार उघडलं. कुलसचिव आंबट चेहऱ्याने म्हणाले, "अभिनंदन. तज्ज्ञांचं एकमत झालं आहे. पत्र यथावकाश मिळेल."

ताई उडालीच. पण ठिपकेबाई उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "यथावकाश नको. 'पुढच्या वर्षी बघू' ऐकून माझे कान किटलेत. आत्ता द्या. लेखी."

"टंकलेखक जेवायला गेलाय."

"मला टंकता येतं. तुमच्या प्राध्यापकांचे प्रबंध कोण टंकत होतं असं वाटतं तुम्हाला?"

ती कचेरीत जाऊन यंत्रापुढे बसली. ताई तिच्या मागे, कात्री बाजूला, सर खिडकीशी. कुलसचिव मजकूर सांगू लागले. "सदर उमेदवाराने अमुक अटकळीवर मोलाचं संशोधन केल्याबद्दल..."

"मोलाचं संशोधन कुणीही करतं," ठिपकेबाई म्हणाली आणि टंकलं: अटकळ खोटी असल्याचे दाखवून दिल्याबद्दल.

"अहो, सरांच्या अटकळीला खोटी? नेमणूकपत्रात? वर कुणी वाचलं तर?"

"वर कुणी वाचत नाही," कात्री म्हणाल्या.

कागद सरांपुढे गेला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि त्या ओळीवर त्यांचा पेन थांबला. या एका वाक्यासाठी माणसं आयुष्यभराचे हिशेब चुकते करतात, सही न करता उठून जातात, आजारी पडतात.

सरांनी कागद तिच्याकडे परत सरकवला.

"हे असं नाही चालायचं," ते म्हणाले. "'खोटी'च्या आधी 'साफ' घाल. मग सही करतो."